दशमीचं पाणी

प्रिय मालायताई,

मंगळवारी फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती हं, हं करत होते. म्हणून जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी पहाटे पाचला आई होडी घेऊन बाजाराला निघाली. होडीत पपनसं आणि माडाच्या गुळाचे सहा डबे होते.
२. त्या दिवशी शुद्ध दशमी होती. बाजार द्वादशीला भरतो.
३. सहाला ती पोचली. एकही होडी आलेली नव्हती. साडेसातपर्यंत ती थांबली.
४. तोवर ओहोटी लागली होती. परतताना आपल्याकडच्या अरुंद कालव्यात होडी चिखलात बसली आणि संध्याकाळ होईपर्यंत पाणी परत चढलं नाही. फोन घरीच होता.
५. मी साडेपाचला कामावरून आले. संध्याकाळी पावणेसातला बुन्चूकाका आणि मी त्यांच्या होडीतून तिच्यापर्यंत पोचलो. तिला काही लागलेलं नव्हतं.

कचेरीत एवढा अहवाल पुरला असता.

द्वितीया, सप्तमी, द्वादशी. शाळेत पाढ्यांच्या आधी आपल्याला हे पाठ होतं. त्या दिवशी सकाळी पाणी भरलेलं असतं, म्हणून बाजार. आई कधी कॅलेंडर बघायची नाही. घाटाच्या पायऱ्यांवर पाय बुडवून उभी राहायची आणि म्हणायची, चला. तू पुढे बसायचीस, मी मध्ये, पपनसांच्या ढिगाला पाठ टेकून. शेवयांच्या होडीवरची सोम्जितमावशी वल्ह्याने आपली होडी ओढून घ्यायची आणि तुला ओरडायची, "मालाय, विकायला आलीस की खायला? निम्मी पपनसं तुझ्याच पोटात." मग माझ्याकडे बघून, "ही धाकटी हसत नाही बाई. हिच्या वाटीत मिरची जास्त घालते, निदान रडेल तरी." मी रडायचे नाही. तू मात्र माझ्या वाटीतली मिरची गुपचूप वेचून काढायचीस. ते मला दिसायचं. मी कधी बोलले नाही एवढंच.

बाजारानंतर आई आत्याच्या वाडीत नारळ उतरवायला थांबायची, म्हणून परतायला दिवेलागण व्हायची. लाम्फूच्या झाडांखाली आलो की तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस. बोललं तर काजवे विझतात, असं तुझं म्हणणं होतं. मी बाबांच्या घड्याळावर त्यांची उघडझाप मोजायचे. दहा सेकंदांत अठरा वेळा, सगळं झाड एकदम. मी आकडा सांगितला की तू चिडायचीस. "तुला नुसतं बघताच येत नाही का गं?" आई मागे वल्हं पाण्याबाहेर धरून बसायची आणि होडी आपली आपण वाहत जायची. घरी पोचायला उशीर व्हायचा, पण त्या वळणावर तिने कधी वल्हं मारलं नाही.

आता शनिवारी-रविवारी तिथे काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या होड्या असतात. बुन्चूकाकाही एक चालवतात. सोमवारी आम्ही गेलो तेव्हा मात्र कोणी नव्हतं. वळणावर काकांनी सवयीने इंजिन बंद केलं. झाडं काजव्यांनी पेटलेली होती. त्यांच्या खाली आई टोपी मांडीवर ठेवून बसली होती, शेजारी पपनसाच्या सालांचा नीट रचलेला ढीग. काका म्हणाले, "वहिनी, लोक यासाठी बँकॉकहून येतात. तुम्ही तर सकाळपासून जागा धरून बसलात." आई म्हणाली, "तुझ्या होडीची वाट बघत बसले असते तर सांगाडाच मिळाला असता." मग ती उठायला गेली आणि तिचे पाय उठेनात. काकांनी तिला उचलून आमच्या होडीत घेतलं.

तू कोराटला तुझ्या घरी तिच्यासाठी खोली रिकामी केलीस, भाओजी शनिवारी गाडी आणणार आहेत, हे सगळं तिने ऐकलं. ती कशालाच नाही म्हणत नाही. होडी सोम्जितमावशीच्या सुनेला द्यायची, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं. काल होडी घासून उपडी घातली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. पाय पाण्यात होते. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही. भरतंय."

तू म्हणालीस, चाळीस वर्षांत जिची तिथी चुकली नाही तिची चुकली, याचा अर्थ कळतो का तुला. कळतो. म्हणून हे लिहिते आहे. आदल्या आठवड्यात आई चार दिवस तापाने पडून होती आणि तिचा हिशोब तुटला होता. रविवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून मला विचारलं, "कन्निका, उद्या द्वादशी ना?" मी कचेरीच्या तक्त्यात महिन्याच्या पाणीपातळीचे आकडे भरत होते. मान वर न करता हो म्हटलं. भरती-ओहोटीचा तक्ता माझ्या समोरच्या भिंतीवर होता. तो मीच तयार करते. तिने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "आई, हे तू मला शिकवणार?" परत येताना होडीत ती हळूच म्हणाली, काकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, "पाणी उतरताना दिसत होतं मला. पण तू हो म्हणाली होतीस. म्हटलं, आज पाणीच चुकत असेल." दुसऱ्या दिवशी फोनवर ती तुला म्हणाली, "विसरले गं, वय झालं." मी शेजारी उभी होते. मग फोन माझ्या हातात आला, तरी मी बोलले नाही. ती काहीही विसरलेली नाही, ताई, आणि हे ती स्वतः तुला कधीच सांगणार नाही. गाडी येणार आहे की नाही, ते मला गुरुवार, २३ तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
कन्निका