नव्या माणसाचा कोट

विनिपेग,
१९ जानेवारी

प्रिय नानाय,

तर तुझी आईची काळजी पुन्हा तीच. जोमारच्या पायाला भिंगरी, जोमार एका जागी टिकत नाही, जोमारने बेकरी का सोडली. अगं, मालक पगार लांबवायचा म्हणून सोडली, हे तुला किती वेळा सांगू? आता डुकराच्या मांसाच्या कारखान्यात आहे. दिवसभर खांदे कापतो आणि सकाळी उठलो की बोटं मिटत नाहीत. आल्बर्टा प्रांतात याच कामाचे जास्त पैसे मिळतात. माझ्याबरोबरचा नेस्टर गेला तिकडे, गाडी घेऊन बसला. पण मी जायचं नाव काढलं की तू फोनवर रडायला लागतेस. "तिताचं घर सोडू नकोस, तू तिथेच राहशील असा तुझ्या आत्याने सरकारला शब्द दिलाय." दोन वर्षं हेच ऐकतोय.

बाकी इथे सगळे बरे. तिता नेनिताचा गुडघा दुखतो, तरी हॉटेलच्या खोल्या झाडायला जाते. थंडी उणे एकतीस. धाकटीचा, लीझलचा खोकला गेला का? छपराचे पत्रे बदलून झाले का?

रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. शेजारचा कुया बोयेत परवा गावी निघालाय, त्याच्या हाती देतो. माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळेत होतो तेवढ्या दिवसांतही ओळ कधी सरळ आली नाही.

शुक्रवारी विमानतळावर गेलो होतो.

आपल्यातलं कुणी नवं येणार असलं की त्याच्या आधी सगळ्यात शेवटी आलेला माणूस कोट घेऊन दारात उभा राहतो, हे मी तुला सांगितलं होतं. स्वतः पहिला हिवाळा काढलेला कोट. मला माझ्या आधी आलेल्या रामिलने दिला होता, खिशात बसचे सुटे पैसे ठेवून. मी दोन वर्षं सांभाळला. तिता आठवडाभर एवढंच म्हणत होती, "आपल्या रक्ताचं माणूस येतंय. नाव विचारू नकोस, बघून थक्क होशील."

आपल्या रक्ताचं म्हणजे कोण, ते मला विचारायची गरजच नव्हती. तिता एका वेळी एकाच्याच पाठीशी उभी राहू शकते. माझं झालं, पुढचा नंबर लीझलचा, हे आपलं ठरलेलंच होतं. म्हाताऱ्यांच्या सेवेचा कोर्स तिने त्याच आशेवर केला. मला वाटलं, तुम्ही दोघींनी मिळून माझी गंमत केलीत. मी कोट धुऊन घेतला. खिशात सुक्या आंब्याच्या फोडी ठेवल्या, तिला आवडतात त्या.

कुया बोयेत गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "आज तुझी बढती, जोमार. आजपासून तू जुना माणूस. आता नव्यांना शिव्या द्यायचा तुला हक्क."

दार सरकलं. आधी एक बाई आली. मग कापडी बूट घातलेली सहा-सात वर्षांची पोर. आणि मागून सामानाची गाडी ढकलत तातय, आमचा बाप.

मी चालण्यावरून ओळखलं. मीही तसाच चालतो, तूच म्हणायचीस.

मी बारा वर्षांचा असताना गेलेला माणूस. समोर येऊन म्हणाला, "उंच झालास." मी कोट हातात धरून नुसता उभा. बोयेतला काय माहीत, तो मागून म्हणतोय, "अरे दे की तो कोट, का पाहुण्यांचा गोठलेला मासा करतोस?" तेवढ्यात त्या पोरीने माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला, मोठ्यांचा लावतात तसा. "कुया जोमार," म्हणाली. लीझलशिवाय मला असं थोरला भाऊ म्हणून कुणी हाक मारलेली नाही. हिला माझं नाव कुणी शिकवलं?

मी तिताला बाजूला घेतलं. म्हटलं, "या माणसाला तू कशी आणलीस?"

"माझा भाऊ आहे."

"आम्हाला टाकून गेला तो."

"गेला. मला त्याची लाज वाटते. पण तो माझा भाऊ नसेल तर तू माझा कोण रे? रस्त्यावरचा? त्याला पुसून टाकलं तर तू इथे आलास कुठल्या नात्याने?"

मी म्हटलं, नातं कागदावर होतंच की. तर ती हसली. म्हणाली, "कुठल्या कागदावर? तुझ्या बापाच्या, एफ्रेनच्या जन्माची नोंदच नव्हती. त्याने स्वतः कचेरीत उभं राहून केली, तेव्हा तू माझा भाचा ठरलास. त्याला शोधायला कोण गेलं होतं, ते तुझ्या आईला विचार."

नानाय, तू गेलीस. सुबिकपर्यंत, बसने, त्या बाईच्या दारात. आणि त्याबदल्यात काय कबूल करून आलीस तेही तिताने सांगितलं. जोमारनंतर तो. लीझल नाही.

मला अजून खरं वाटत नाही. मी कारखान्यात सुरी धरून उभा राहतो आणि मुकादम ओरडला की कळतं, पट्ट्यावरचं मांस पुढे निघून गेलंय. दोन वर्षं तू फोनवर रडत होतीस ते मला माझ्यासाठी वाटलं. मी आल्बर्टाला पळालो असतो तर तिताच्या शब्दावर इथे पुन्हा कुणाला घेतलं नसतं, आणि तुझं त्याला दिलेलं वचन मोडलं असतं. हो ना? फोन न उचलणं हेच उत्तर समजू का?

कोट मी त्याला दिला नाही. पोरीला गुंडाळला. तिच्या पायाखाली लोळत होता. तातय साध्या सदऱ्यावर गाडीपर्यंत चालला. गाडीत पोरीला खिशातल्या फोडी सापडल्या. अर्धी तोडून मला दिली. मी खाल्ली.

आता ते तिघं तळघरात राहतात, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे. तो खोकतो ते ऐकू येतं. मी अजून त्याच्याशी बोललेलो नाही. तिताने पहिल्या दिवशी पान्सितच्या शेवया केल्या, मी ताट वर नेलं.

नेस्टरने माझ्यासाठी खोली बघून ठेवली होती. मी बॅग भरलीही होती, शनिवारी. मग लीझल आठवली. मी गेलो तर तिचा नंबर कधीच येणार नाही. बॅग रिकामी केली. तू सांगितलंस म्हणून नाही, हे नीट वाच.

लीझलला तूच सांग. माझ्या तोंडून तिला ऐकवू नकोस. मी फोन केला आणि तिने विचारलं, "कुया, माझं कधी?" तर मी काय म्हणू?

अजून इथेच असलेला,
तुझा जोमार

ता. क. दर महिन्याला तीनशे पाठवतो. पोरीचे बूट पंच्याऐंशीला पडले. या वेळी दोनशे पंधरा डॉलर.