जुन्या डब्यात नवं कार्ड

३ सप्टेंबर, मंगळवार

पेचकस तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी तो उचलून त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच खाली बसले आणि कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले. तो खुर्चीतून बघत होता. म्हणाला, "राहू दे, उद्या करतो मी."

उद्या! जुलैत नसांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — आधी हात, मग पाय, घसा, श्वास. औषधानं जरा लांबेल, थांबणार नाही. वेग कुणाचा किती, सांगता येत नाही म्हणाले. माझ्या नवऱ्याचा वेग मला आता पेचकसावरून कळतो.

खटाटोप कशासाठी, तर चौदा ऑक्टोबरला खेळ येतोय. अठरा वर्षं तो जो ऑनलाइन खेळतोय त्याचा नवा भाग. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो झेपणार नाही, निम्मं सामान बदलावं लागेल. एक्केचाळीस दिवस आहेत. मी मोजले. त्यानंही मोजले असणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

यादी केली. त्यानं सांगितली, मी लिहिली. ग्राफिक्स कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय, एसएसडी.

"एसएसडी म्हणजे काय?"

"जुन्या हार्ड डिस्कचंच काम करते, पण झटपट आणि न कुरकुरता."

"म्हणजे माझ्या उलट."

हसला. बऱ्याच दिवसांनी.

इथे खरं लिहायला हरकत नाही. या खेळाचा मी अठरा वर्षं राग राग केलाय. दर रविवारी चार ते आठ, कानावर हेडफोन, दार लोटलेलं. कुणी आलं आणि 'कुठे आहेत' विचारलं की मी सांगायची, सवतीकडे. लोक हसायचे, तोही हसायचा. मी हसायची नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता त्याच सवतीला नटवायला मीच निघालेय.

९ सप्टेंबर, सोमवार

लॅबमध्ये एका कवळीच्या दातांचा रंग चुकला. बावीस वर्षं कवळ्या करतेय, रंग कधी चुकला नव्हता. डेंटिस्ट फोनवर ओरडला नाही. म्हणजे त्यालाही कुणीतरी सांगितलंय.

१४ सप्टेंबर, शनिवार

सामान आणलं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. यादी बघून म्हणाला, "जोरदार मशीन होणार. मुलासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"वा, हौशी आहेत. ते नाही आले?"

"कामात आहेत."

तो नकाशे काढायचा एका कचेरीत. ऑगस्टपासून घरी आहे. पण दुकानदाराला मी का सांगू? त्यानं कार्ड दाखवलं — विटेएवढं जड, त्याला तीन पंखे. म्हणाला, "जुना डबा असेल तर लांबी मोजून न्या हं." मी म्हटलं, मोजलीय. मोजली नव्हती. तिथे उभं राहून आणखी बोलायचं नव्हतं, एवढंच.

१५ सप्टेंबर, रविवार

कार्ड बसत नाही.

दोन बोटं लांब आहे. हार्ड डिस्क ठेवायचा जो लोखंडी पिंजरा आहे तो नेमका आडवा येतो. स्क्रूनं बसवलेला असता तर काढला असता, पण तो रिव्हेट मारून पक्का केलाय. मला वाटलं हा चिडेल. तो म्हणाला, "मीच मोजायला सांगायला हवं होतं." जन्मभर मोजण्याचं काम केलेला माणूस. मला त्याचं चिडणं चाललं असतं.

डबा मांडीवर घेऊन बघत बसले. रिव्हेट म्हणजे शेवटी धातूचा एक टिकलीएवढा गोळा. आणि धातू घासणं हेच तर मी रोज करते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लॅबमधला मायक्रोमोटर घरी आणला. दात घासून आकार द्यायचं यंत्र ते, पेनासारखं हातात धरायचं. आतलं सगळं सामान काढलं, डबा गॅलरीत नेला, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. आठ रिव्हेट. एकेकाचं डोकं घासून उडवलं. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "तुला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं."

बावीस वर्षांत लॅबमध्ये एकदाही आला नाही, हे मी बोलून दाखवलं नाही. मी तरी कुठे त्याच्या खोलीत जाऊन बसले?

आठवा रिव्हेट सुटला आणि पिंजरा हातात आला. दुधाचा दात निघावा तसा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर मदरबोर्ड, वायरी, स्क्रूची वाटी. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"याला विश्रांती सांगितलीय आणि तुम्ही दोघं भंगार पसरून बसलाय?"

तो म्हणाला, "ताई, पुढे विश्रांतीच विश्रांती आहे."

मग वन्सं मूळ मुद्द्यावर आल्या. डॉक्टर म्हणतात, पोटात नळी बसवायची ती अंगात ताकद आहे तोवर बसवून घ्या, पुढे गिळता येणार नाही. झोपताना श्वासाचं मशीनही आत्तापासून लावायची सवय करा. वेळ हातात राहील. हा ऐकत नाही. आजही तेच. "नळ्या नकोत. जेवढं आपणहून चालेल तेवढं चालेल."

वन्सं रडल्या. जाताना जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "तू सांग ना त्याला. तुझं ऐकेल."

माझं कधी ऐकलंय? आणि सांगू काय? माझ्यासाठी अजून थोडा थांब, असं? मला ते त्याच्यावर ओझं टाकल्यासारखं वाटतं. आणि न सांगणं म्हणजे त्याला जा म्हटल्यासारखं. दोन्हीकडून मीच.

२२ सप्टेंबर, रविवार

सगळं जोडलं. सकाळी नऊपासून एकपर्यंत. तो सांगत होता, मी करत होते. "डावीकडची वायर. तुझ्या नाही, माझ्या डावीकडची." बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा.

पुन्हा सगळं काढलं, पुन्हा लावलं. काळा. तिसऱ्यांदा. "कार्ड नीट बसलंय का बघ. वायर घट्ट आहे का? असं नाही, जरा तिरपं धर—"

आणि मी म्हटलं, "मग तूच कर ना!"

त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, ते त्यानं हळूहळू ओढून मांडीवर घेतले. टेबलाखाली, दिसू नयेत असे.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी त्यानंच विषय काढला, काल काही झालंच नाही अशा थाटात. "रॅम बघू. खटकी दोन्ही बाजूंनी लागलीय का?"

एका बाजूची लागली नव्हती. मी दाबायला घाबरले होते. आमच्या कामात जास्त दाब दिला की तुकडा पडतो.

"दाब," तो म्हणाला. "अजून. तुटत नाही. आवाज येईपर्यंत दाब."

खट् झालं. पडदा उजळला. लॅबला जायला उशीर झाला तरी मी पाच मिनिटं त्या उजेडासमोर बसून राहिले. मला माफी मागायची होती. त्याऐवजी चहा केला आणि कप त्याच्या ओठाशी धरला. त्यानं पहिल्यांदाच नको म्हटलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

नव्या मशीनवर जुना खेळ लावून बघितला. चार वाजता. मी आत, दार लोटलेलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

माउस त्याला धरता येतो, पण बोट दाबलं जात नाही. अर्ध्या तासानं म्हणाला, "बस इथे." खुर्ची मला दिली, स्वतः स्टुलावर. हेडफोन त्याच्याच कानावर, पण आवाज मोठा ठेवला. ही पुढे जायची कळ, ही वळायची. मी त्याच्या माणसाला चालवत नेलं आणि सरळ तळ्यात घातलं.

पलीकडून एकजण — त्याला सगळे बोका म्हणतात — म्हणाला, "मास्तर, आज घेऊन बसलात की काय?"

हा म्हणाला, "आज तुमच्या वहिनी चालवतायत."

मग बोका एकदम शाळेतल्यासारखा, "नमस्कार वहिनी."

मास्तर! घरात ह्याच्या तोंडाला कुलूप आणि तिथे मास्तर. तासाभरात बरंच कळलं. नवे येतात त्यांना हा शिकवतो. एक बाई आहे, चिमणी. तिची आई गेली तेव्हा हा तीन रविवार तिच्याबरोबर खेळातल्या एका पुलावर नुसता बसून होता, लढाई सोडून. चिमणीनंच सांगितलं.

माझी आई गेली तेव्हा हा भिंतीला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नव्हता. बाहेर येऊन भांडी घासताना मला त्या बाईचा हेवा वाटला. कधी न बघितलेल्या, पक्ष्याचं नाव घेतलेल्या बाईचा.

२ ऑक्टोबर, बुधवार

'सकाळी' म्हणताना त्याची जीभ अडली. दोघांनीही ऐकलं. दोघंही पुढचं बोललो.

६ ऑक्टोबर, रविवार

आज त्यानं त्यांना सांगितलं. माझे हात कळांवर होते आणि तो शेजारी बसून, अडखळत, पाच वाक्यांत सांगून मोकळा झाला. आजाराचं नाव, हात, आवाज, पुढे काय. जणू एखाद्या भूखंडाची माहिती देतोय.

पडद्यावर पाच-सहा माणसं चालायची थांबली. मग एकेक जण ह्याच्या — म्हणजे माझ्या — भोवती येऊन बसला. बोक्यानं विचारलं, "मास्तर, चौदा तारखेला भेटतोय ना आपण?"

"येणार," हा म्हणाला. "वहिनींना तळं चुकवता आलं की."

सगळे हसले. मला हसता येईना. नंतर मी त्याला विचारलं, "आईच्या वेळी माझ्याशी का नाही बोललास?"

"तू समोर होतीस. समोरच्या माणसाचा चेहरा बघून मला सुचायचं बंद होतं." मग म्हणाला, "चुकलं."

एवढंच. पण मी ते अठरा वर्षं वाट बघून मिळाल्यासारखं घेतलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

खेळ पुढे ढकलला. कंपनीनं जाहीर केलं — काही दोष राहिलेत, वीस मार्चला आणू. तसदीबद्दल क्षमस्व.

लॅबमध्ये फोनवर वाचलं. कुणाच्या तरी कवळीचा साचा हातात होता तो तसाच खाली ठेवला. क्षमस्व म्हणे. यांना काय माहीत, पाच महिने म्हणजे किती?

वाटभर विचार करत आले, कसं सांगू. त्याला आधीच कळलं होतं. कॉम्प्युटर बंद करून, खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली.

"मार्चमध्ये मी कसा असेन गं?" त्यानं विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवलं होतं, त्यालाही आणि मलाही. मी म्हटलं, "जेवायला काय करू?"

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस कॉम्प्युटर लावला नाही. त्याच्यावर टॉवेल वाळत घातलाय मी. आज जेवताना त्याला दोनदा ठसका लागला.

वाटतं, उगाच पसारा मांडला. वन्संचं खरं होतं. एक तारीख समोर होती, तिच्या आधारानं दोघं चालत होतो. आता नुसते दिवस.

१४ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांकडे ठरलेली तपासणी. मी काही विचारायच्या आत तोच बोलला. सावकाश, शब्द जुळवत, पण अख्खं वाक्य. "वीस मार्चला मला हिच्या शेजारी बसून सांगता आलं पाहिजे, डावीकडे की उजवीकडे. त्यासाठी काय काय बसवावं लागेल?"

डॉक्टरांनी नळीचा आणि मशीनचा असे दोन फॉर्म पुढे केले. म्हणाले, सही पत्नीनं केली तरी चालेल. त्यानं नकारार्थी मान हलवली. मी पेन त्याच्या बोटांत बसवलं.

दोन सह्यांना बारा मिनिटं लागली. बाहेर पेशंट ताटकळले होते. आम्ही कुणीच घाई केली नाही.