चंद्रीचे ढेकर

२ एप्रिल
मुंबईची नोकरी संपली, निवृत्त होऊन गावी आलो. आता पृथ्वी वाचवायची. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला: गाईम्हशींच्या ढेकरांतून मिथेन निघतो आणि जग तापतं. खाद्यात समुद्री शेवाळ किंवा लसूण मिसळला की मिथेन कमी. आमच्या गोठ्यात चंद्री आहे, सावित्रीने माहेराहून आणलेली म्हैस. सावित्रीने बजावलंय, म्हशीला काही केलंत तर तिला घेऊन राजापूरला भावाकडे जाईन. बायका बोलतात तसं. जाते कुठे!

४ एप्रिल
शेवाळ आणलं. पेंडीत कालवलं. चंद्रीने हुंगलं आणि घमेलं माझ्या गुडघ्यावर उडवलं. गुडघा टम्म. चूक माझी नाही. शेवाळ शिळं होतं.

५ एप्रिल
लसूण ठेचून, गुळातून. तिने शिंग थेट बरगडीत घातलं. शेणात पडलो. उठून काठी उगारली. ती खांबावर आपटून माझ्याच नडगीत बसली. म्हैस ढेकर देऊन मोकळी. सावित्री म्हणाली, तुमचा डोका फिरलाय काय ओ, ती काय तुमची वैरीण? हो, वैरीणच. आजपासून युद्ध.

९ एप्रिल, दुपार
नवा शोध. काजूच्या टरफलांचं तेल! व्हिडिओतला माणूस परदेशी, पण काजू आमचे. पालीहून पोतंभर टरफलं आणली. तेलावर आधी काहीतरी प्रक्रिया करतात, तो भाग पुढे सरकवला. शास्त्रज्ञांना वेळ असतो. पाट्यावर ठेचायला बसलो. सावित्रीने विचारलं, लहानपणी कधी काजू उतला नाय काय तुम्हाला, चिकाने कातडी भाजली नाय काय? म्हटलं, तेव्हा कातडी कोवळी होती.

९ एप्रिल, संध्याकाळ
हात पेटलेत. त्याच हातांनी घाम पुसला, तोंड पेटलं. मग मोरीत जाऊन आलो. पुढचं लिहवत नाही.

१० एप्रिल
एकच डोळा उघडतो. माघार नाही. बांबूच्या नळीत तेल भरलं, चंद्रीचा जबडा धरला. तिने मला उचलून गव्हाणीत टाकलं. नळी उडाली, तेल सावित्रीच्या पायावर. ती किंचाळली. माझ्या डोक्यात कळशी बसली, मग केरसुणी, मग पुन्हा कळशी. मी शांतपणे मिथेन समजावत होतो.

१२ एप्रिल
सखाराम, माझा मेव्हणा, राजापूरहून टेम्पो घेऊन आला. कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. म्हणाला, भावोजी, वयाकडे बघून एकदाच आपटतोय. चंद्री मागे चढली. सावित्री पायाला फडकं बांधून पुढे बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हैस तरी बघत होती. येतील दोघी. उद्या नाहीतर परवा.

२० एप्रिल
प्रयोग यशस्वी. आमच्या गोठ्यातला मिथेन शून्य. कळवायला सावित्रीला फोन केला. तिने उचलला नाही. कोरा चहा घेऊन गोठ्यात जाऊन बसलो. फार एकटं वाटलं. एखादा ढेकर ऐकू आला असता तर चाललं असतं.