यांच्या बाटलीतल्या गोळ्या

डॉक्टर भाचेबुवा,

हृदयाच्या औषधाची चाचणी म्हणून तू आम्हा नवराबायकोला एकेक बाटली दिलीस. कोणाची गोळी खरी आणि कोणाची नुसती पिठाची, हे म्हणे तुलाही ठाऊक नाही! मला काय दुधखुळी समजलास? माझ्या पायांची सूज उतरली आणि यांची धाप वाढली, तेव्हाच मी ओळखलं, पिठाच्या गोळ्या तू यांच्या गळ्यात मारल्यास. मग मी गुपचूप दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या बदलल्या. महिन्याभरात हे गेले.

“मावशी, कोणाला कोणती गोळी दिली ती यादी उघडली की कळवतो,” म्हणालास. कळवू नकोस. यांच्या नावापुढे खरी गोळी निघाली, तर ती मी गिळलीय. मी अजून ठणठणीत आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेत मला खोटं बोलायला शिकवलं नाही, म्हणून हे लिहिलं; पण यादीतलं ऐकायचं नाही, म्हणून तुझा फोन उचलत नाही.

तुझी संशयी मावशी