उद्या येऊ नकोस

प्रिय ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मावशी म्हणते, तिच्याकडे गेल्यापासून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतेस आणि विचारलं की "बरी आहे मी" म्हणतेस. बरी माणसं असं सांगत बसत नाहीत. चिडू नकोस. पत्र पुरतं वाच, मग हवं तर फाडून टाक.

घरी सगळं तसंच आहे. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडते. वाचायला अजून बाबांचाच चष्मा लावते. त्यांच्या नंबरचा असल्यामुळे अक्षरं जरा पोहतात, पण दुसरा करून घ्यायचं मनात येत नाही. वाचताना काही चांगलं आलं की मान आपोआप त्यांच्या खुर्चीकडे वळते, वाचून दाखवायला. मग पुन्हा खाली घालते. हळूहळू सवय जाईल, असं लोक म्हणतात. मला ती जायला नको आहे.

राजीनामा देऊन मावशीकडे निघताना तू एवढंच म्हणालीस, "मला शिकवता येत नाही, आई." मी पुढे काही विचारलं नाही. वाटलं, दमली आहे, बोलेल नंतर. मग शाळेतले शिपाईमामा तुझा राहिलेला डबा द्यायला आले आणि चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. शिक्षण कार्यालयाची चाचणी असते तेव्हा गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी वर्गावर्गात कच्च्या मुलांना हळूच सांगतात, "उद्या तुला ताप येणार आहे बरं का!" मुलंही हसतात, सुट्टी मिळाली म्हणून. शिपाईमामा तर हे पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते. तू मात्र कुणाला ताप आणला नाहीस. सगळी सातवी बसवलीस आणि तुझा वर्ग शाळेत तळाला गेला.

पालकसभेत मोठ्या सरांनी सगळ्या शाळांच्या निकालाचा तक्ता लावला म्हणे, आपली शाळा लाल रंगात. तू त्या शाळेत शिकलीस तेव्हा तुझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी होती, मागे शिंप्याचा मुलगा, त्याच्यामागे बँकेतल्या साहेबांची जुळी. मग पलीकडे ती फी घेणारी शाळा निघाली, निळ्या बसगाड्या दारोदार फिरू लागल्या आणि ज्यांना झेपलं त्यांनी मुलं उचलली. उरली ती हातावर पोट असलेल्यांची. आणि आता शीतगृहाच्या कामावर लांबून आलेल्यांची, जी वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात, ज्यांच्या घरात आपली भाषा कुणाला येत नाही. इतर वर्गांनी नाकारलेली ही मुलं तू मागून घेतलीस, हेही मला शिपाईमामांकडून कळावं! तक्त्यात यातलं काहीच नव्हतं, नुसती टक्केवारी. आणि मग कुणाचा तरी बाप उठून म्हणाला, "बाई कचरा गोळा करतात आणि भोगतो आम्ही." भाजीवाल्याशी एका जुडीवरून भांडणारी माझी मुलगी तिथे गप्प बसली. मला त्या माणसापेक्षा तुझ्या त्या गप्प बसण्याची भीती वाटते.

तुझी मुलं रोज आपल्या पायरीवर येऊन बसतात. ती कुरळ्या केसांची आहे ना, सगळ्यांच्या वतीने बोलणारी, तिने विचारलं, "बाई आमच्यामुळे गेल्या का?" मी म्हटलं, नाही गं, त्यांना ताप आहे. तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "खरा ताप, का परीक्षेचा?" मला हसूही आलं आणि आत जाऊन रडूही आलं.

आता एक सांगते, जे फक्त तुझ्या बाबांना माहीत होतं. परिस्थिती नव्हती म्हणून मी शिकले नाही, असं तुला सांगत आले. तसं नव्हतं. आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे होते. मी वाचताना अडखळायची. बाईंनी मला जवळ घेतलं, अगदी मायेने, आणि म्हणाल्या, "उद्या येऊ नकोस हं." मी गेले नाही. परवाही गेले नाही. वाटायचं, बोलावतील. कुणी बोलावलं नाही. घरी धाकट्याला सांभाळायला हात मिळाला, त्यामुळे तिथेही कुणाची हरकत नव्हती. पुढे तू पहिलीत गेलीस आणि बाबा तुला अक्षरं शिकवायला बसले, तेव्हा मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून तुझ्याबरोबर शिकले. ते इतक्या मोठ्याने का शिकवतात, म्हणून तू वैतागायचीस. ते मला ऐकू यावं म्हणून.

म्हणून मला टक्के सांगू नकोस, ठमे. तुला शिकवता येतं का, हेही मला विचारू नकोस. तू कुणाला घरी बसवलं नाहीस, एवढं मला पुरतं.

मोठ्या सरांनी तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. येत्या गुरुवारी फेरचाचणी आहे आणि तुझ्या जागी आलेल्या सरांनी आजच निम्म्या वर्गाला ताप सांगून ठेवला आहे. कुरळी धापा टाकत सांगायला आली. बाबा असते तर त्यांनी काहीतरी शहाणपणाचं सुचवलं असतं. मला काही सुचेना, तोंडातून निघून गेलं, "तुम्ही सगळे जा. बाई स्वतः येऊन तुम्हाला वर्गात बसवणार आहेत." तुला न विचारता बोलले. ती टाळ्या वाजवत पळाली, एव्हाना त्यांच्या सगळ्या चाळीत झालं असेल. तिच्यामागे धावून ते परत घ्यायला माझे पाय उचलले नाहीत. शिपाईमामा उद्या तुमच्या बाजूला जाणार आहेत, त्यांच्या हाती हे देते आहे. ती मुलं गुरुवारी फाटकाशी उभी राहतील, बाई नाहीत हे बघतील आणि आल्या पावली परत जातील. एकदा गेली की ती पुन्हा येत नाहीत गं. अंगात बळ नसेल तर शिकवू नकोस, कुणाशी बोलू नकोस, नुसती वर्गाच्या दारात उभी राहा. पण ये.

तुझीच,
मुलांना शब्द देऊन बसलेली
आई