दुसरी काकू

दि. ६ जून

प्रिय धाकटे,

मोठीचा सप्रेम सलाम.

मांडीचं हाड काय म्हणतंय? टाके काढले का? काठीशिवाय चालून दाखवायचा शहाणपणा करू नकोस. आणि भाऊजींना सांग, आता चहा आपला आपण करून प्यावा. साखर डब्यातच आहे, ती काही माझ्याबरोबर परदेशी आलेली नाही.

आम्ही सुखरूप पोचलो. पाळकसाहेबांना विमानात उलट्या झाल्या, पण उतरल्यावर आभाराची प्रार्थना त्यांनीच केली, आणि तीही लांबलचक. दर उन्हाळ्यात इथून परतल्यावर तू सांगायचीस, तसंच अनाथालय आहे. पत्र्याची लांब इमारत, मधे अंगण, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला शिवणखोली. आपल्या मंडळीचा सुतार पलंगांच्या मागे लागलाय, मुलीला बरोबर घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई दात तपासतात आणि तुझ्या यंत्रावर मी बसले आहे. गणवेश आणि उशांचे अभ्रे यांचा ढीग आहे. दोऱ्याचा ताण सैल ठेवायची तुझी खोड यंत्रालाही लागली आहे. सगळा नीट करून घेतला.

गाडी फाटकातून आत शिरली तशी मुलं धावत आली. पहिली मीच उतरले. प्रत्येकजण माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या मागे बघायचा. मागून उतरला सुतार! सगळ्यांची तोंडं एवढीशी झाली. इथल्या मोठ्या बाईंनी त्यांच्या भाषेत समजावलं की काकू पडली, ही तिची जाऊ. तेव्हापासून तू 'काकू' आणि मी 'दुसरी काकू'.

तू भिंगरी म्हणतेस ती पोरगी भेटली. दर रविवारी फोनवर बोलून तिला मराठी येतं हे तू सांगितलं होतंस, पण ते तुझ्या लकबींसकट येतं हे नव्हतं सांगितलंस. सुई टोचली की हात झटकून म्हणते, "अगं बाई गं!" मी दचकून मागे बघितलं. वाटलं, आलीसच की काय. हसू आलं. म्हणजे यायला हवं होतं.

सासूबाई म्हणायच्या, धाकटीच्या हाताला गोडी आणि मोठीच्या हाताला शिस्त. सातासमुद्रापलीकडेही निकाल तोच लागला. चेष्टा करतेय गं.

कचेरीतली मुलगी या पत्राचा फोटो काढून बाबूच्या फोनवर पाठवणार आहे. तो वाचून दाखवेल. चष्मा शोधत बसू नकोस.

तुझी,
मोठी जाऊ

दि. १५ जून

प्रिय धाकटे,

सप्रेम सलाम. बाबू, आधी आईला औषध दे, मग पुढचं वाच.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा भिंगरी का आली नाही, असं तू विचारलंस. हाका मारल्या, पण ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत राहिली. मुलांचं काय, लहर असते.

एक बातमी आहे, चांगली म्हणावी की वाईट ते कळत नाही. बेकरीवाल्या नवरा-बायकोबद्दल तुला मोठ्या बाईंनी कळवलंच असेल. मूलबाळ नाही, माणसं साधी. भिंगरीला दोनदा भेटून गेली होती. काल तिला पहिल्यांदा आपल्या घरी न्यायला आली. बायकोनं केस नीट विंचरले होते, नवऱ्याच्या बाहीला पीठ तसंच होतं. भिंगरी शिवणखोलीत शिरली आणि आतून कडी लावली. मोठ्या बाईंनी समजावलं, पाळकसाहेबांनी गाणं म्हटलं, काही उपयोग नाही. शेवटी ती दोघं गेली. जाताना नवऱ्यानं फाटक दोनदा लावलं. पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं.

मोठ्या बाई म्हणतात, पुढच्या शनिवारी आणखी एकदा बोलावू. तेव्हाही नाही म्हणाली तर त्यांना दुसरं मूल दाखवावं लागेल.

कारण कुणालाच कळत नाही. तूही जिवाला लावून घेऊ नकोस. पोरगी माझ्याशी बोलत नाही, पण ती तशी कमीच बोलायची.

अभ्रे संपत आले.

तुझी,
मोठी जाऊ

दि. २३ जून

प्रिय धाकटे,

हे पत्र टपालानं पाठवते आहे. तुझं तूच उघड. बाबूला वाचायला देऊ नकोस.

कारण मला माहीत होतं.

मी भिंगरीसाठी फ्रॉक शिवला होता. दिवसाचे गणवेश आटोपल्यावर, माझ्या हौसेनं. गळ्याला बारीक शिवण घातली, बाबूच्या झबल्यांना घालायचे तशी. तिनं घालून बघितला, गोल फिरली आणि लगेच उतरवला. म्हणाली, "काकू येईल तेव्हा घालीन."

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "ती नाही यायची आता. तिला घरची नात झालीय. परक्या मुलांना कोण विचारतं?"

तू तोवर इस्पितळात होतीस, रविवारचा फोन बंद होता. पोरीला खरंच वाटलं. तिनं फ्रॉकची घडी घातली, यंत्रावर ठेवली आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं होतं मला.

मग बेकरीवाले आले आणि कडी लागली. त्या बाईचा चेहरा बघवत नव्हता. तुला पत्र लिहितानाही मी ते गिळलं. आणखी दोन दिवस गिळलं, मग जेवण जाईना.

भिंगरी विहिरीपाशी मोजे धूत होती. मी शेजारी बसले, म्हटलं, "मी खोटं बोलले. काकू पडली म्हणूनच आली नाही. तिनं तुला सोडलेलं नाही."

"खोटं का बोललीस?"

"मला तिचा हेवा वाटतो."

"हेवा म्हणजे?"

तुझ्याकडून एवढे शब्द शिकली, नेमका हा नव्हता. मी म्हटलं, "आपल्या ताटात असतं, तरी दुसऱ्याच्या ताटाकडे बघून पोटात आग पडते, ते."

तिला लगेच कळलं. तिनं त्यांच्या भाषेतला शब्द सांगितला. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंची मुलगी त्यांना आई म्हणून हाक मारते ना, तेव्हा मला होतं." आणि मोजा पिळला.

मग मी तिला बाबूचं सांगितलं. का, ते मलाही माहीत नाही. बाळंतपणानंतर तू अंथरुणाला खिळलीस, दोन वर्षं तो माझ्या कुशीत झोपला, आणि तू बरी झालीस तेव्हा परत तुझ्याकडे गेला. माझी कूस रिकामीच राहिली हेही सांगितलं.

"रडलीस?"

"नाही. तुझ्या काकूशी भांडले. भाजीत मीठ जास्त आहे म्हणून."

"होतं?"

"नव्हतं."

ती हसली. मग विचारलं, "बाबू तुला विसरला?"

"नाही. अजून मोठी आई म्हणतो."

"मग त्याला दोन्ही घरी जेवायला मिळायचं?"

"दोन्ही घरी. मारही दोन्ही घरी."

ती बराच वेळ मोजे धूत राहिली. सगळे धुऊन झाले होते, तरी.

काल शनिवार होता. बेकरीवाले आले. भिंगरी केस ओले करून, चापूनचोपून बसवून अंगणात उभी होती. त्या बाईनं हात पुढे केला, हिनं धरला. गाडीपर्यंत गेली आणि पळत माझ्याकडे आली. म्हणाली, "काकूला सांग, मी गेले. रविवारी त्यांच्या घरून फोन करीन." एवढं बोलून परत पळाली. माझ्यासाठी काही नव्हतं. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. तिनं बघितलं की नाही, कोण जाणे.

दोन दिवस राहून उद्या संध्याकाळी परत येईल. जमलं तर पुढे कायमचीच जाईल. मोठ्या बाई खूश आहेत. मीही आहे. पण त्या बेकरीवालीनं गाडीत तिची कॉलर सारखी केली, ते मला दिसलं आणि पोटात पुन्हा तेच झालं. जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही.

तूही हे वाचून रडशील. सहा उन्हाळे तू तिच्या वेण्या घातल्यास.

काल गाडी गेल्यावर मी पायरीवर बसले होते, तेव्हा एक गोष्ट मनात आली. बाबू माझ्या कडेवर असायचा आणि तू पलंगावरून दारातून आमच्याकडे बघायचीस. तो हसला की मी तुला ओरडून सांगायचे, "बघ, कसा हसतोय!" तू कुशीवर वळायचीस. मला वाटायचं, थकली असेल. एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही, की तेव्हा तुला कसं व्हायचं.

विमानतळावरून आधी तुझ्याकडेच येते. दार उघडायला उठू नकोस. मी आत येऊन बसेन, आणि तू सांगशील तेवढं ऐकेन.

तुझी,
जाऊ