पंचाने न पोचवलेले पत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, माझ्या राहत्या घरी, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि कसलीही नशा न करता हे लिहून ठेवतो. माझी मती ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो आणि पुढे उणे पाचही सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पुरे."

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तीनदा करायला बसलो होतो. घर, ठेवी, सामान इथवर गाडी नीट यायची आणि पाचव्या कलमापाशी मी पेन खाली ठेवायचो. वकीलबाईंनी नमुना दिला आणि बजावले, "काका, थोडक्यात लिहा हं." मला थोडक्यात लिहिता येत नाही, हे आमच्या मंडळात कोणालाही विचारावे.

१. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लांबट खोली, माझ्या एकुलत्या एक कन्येला मिळावे. मागच्या खोलीच्या छतावर जो ओला डाग आहे त्यावर तिने रंग मारू नये. तो पुरावा आहे. नळांच्या आराखड्यांत माझी बत्तीस वर्षे गेली. गळती कुठली हे मला दिसते, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ती कबूल करत नाहीत. लोक आपली चूक कबूल करत नाहीत म्हणून चिडायचा मला किती अधिकार आहे, ते पुढे येईलच.

२. बँकेतल्या ठेवी आणि जे काही शिल्लक असेल ते कन्येचेच. आकडे बँकेला ठाऊक आहेत.

३. माझ्या आरेखनाच्या लेखण्या, पट्ट्या आणि लाकडी पेटी आमच्या मंडळातल्या शिंप्याला द्यावी. त्याचा हात स्थिर आहे आणि तो वस्तू जागेवर ठेवतो. या लेखण्यांनी काढलेल्या मोठ्या टाकीच्या आराखड्यावर माझ्या साहेबांनी स्वतःचे नाव घालून शाबासकी मिळवली होती. तो राग मी वीस वर्षे सांभाळला. आता तो कोणालाच देत नाही, माझ्याबरोबर संपू दे.

४. मंडळाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढचे कळायचे नाही. दर शनिवारी दुपारी आम्ही सहा जण मागच्या खोलीत जमायचो आणि टेबलावर लढाई खेळायचो. बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे आणि अंतर मोजायला शिंप्याची फीत. बाकीचे पाच जण राजे. मी राजा नव्हतो, मी पंच. ज्या भूमीसाठी ते लढायचे ती भूमी मी रचली. डोंगराकडचे वरखोरे, किनाऱ्याचा खारदेश, आणखी तीन राज्ये, त्यांचे राजवंश, धान्याचे भाव, हवामान, शिव्या, म्हणी. एकेक लढाई सुटी न खेळता सगळ्या लढायांची मिळून एक सलग मोहीम चालवायची, म्हणजे या शनिवारी जळलेले गाव पुढच्या शनिवारीही जळलेलेच असणार. मंडळ अजून चालू आहे.

मूळ नकाशा मी खात्यातल्या सांडपाण्याच्या रद्द झालेल्या आराखड्यांच्या पाठीवर काढला. कागद पारदर्शक होता, पलीकडच्या रेघा दिसत. त्यामुळे आमच्या भूमीतल्या सगळ्या नद्या गावच्या सांडपाण्याच्या उताराने वाहतात. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, पण आज सांगायचेच आहे तर लहानापासून सुरुवात करतो.

नकाशा, चौतीस वह्या, सर्व सैनिक आणि दोन जुने दरवाजे जोडून केलेले टेबल शिंप्याला मिळावे. अट सहाव्या कलमात आहे.

५. आता ते कलम.

मोहिमेचा नियम असा की राजांनी एकमेकांशी तोंडी बोलायचे नाही. तह, धमकी, सोयरीक, काय असेल ते लिहून बंद पाकिटात पंचाकडे द्यायचे. पंच प्रत्येक पाकिटासाठी फासा टाकणार. एक पडला तर निरोप्या वाटेत हरवला. दुसरे काहीही पडले तर पत्र पोचवायचेच. फासा टाकताना तिसरा माणूस हजर हवा, आणि निरोप्या हरवला तर पाठवणाऱ्याला तसे कळवायचे. हे सगळे नियम मीच केले होते आणि ते मोडल्याबद्दल इतरांना झापतही असे.

अकरा वर्षांपूर्वी मोहिमेचे सातवे वर्ष चालू होते. खारदेशाचा राजा माझा मेहुणा, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, छापखानेवाला. वरखोऱ्याचा राजा दंतवैद्य, म्हणजे मेहुण्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघे एका बाकावर बसलेले, एकमेकांच्या घरी जेवून मोठे झालेले. त्या वर्षी मी पाच महिने खपून सरहद्दीवरचे पूलनगर पुठ्ठ्याचे उभे केले होते. दोनशे बारा घरे, प्रत्येकाच्या खिडक्या कापलेल्या, वर खरा पूल. हिवाळ्यात त्याला वेढा पडणार, म्हणून वेढ्याची चाळीस पाने मी आधीच लिहून ठेवली होती.

आणि मेहुण्याने शुक्रवारी संध्याकाळी पाकीट आणून दिले. आत तह होता. निम्मी मिठागरे वरखोऱ्याला, आणि माझा तुझ्यावर विश्वास आहे हे दिसावे म्हणून पुलावरचा पहारा आजच काढतो आहे, असे त्याने लिहिले होते. पत्र फार चांगले होते. सात वर्षांत आमच्यापैकी कोणी इतके चांगले लिहिले नव्हते, मी धरून.

तह झाला असता तर माझ्या शहराकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. मी स्वयंपाकघरात एकटा उभा राहून फासा टाकला. पाच पडले. पुन्हा टाकला, तीन पडले. तिसऱ्यांदा एक पडला, तेव्हा निरोप्या हरवला असे मी स्वतःला सांगितले आणि पाकीट खणात सारले. साठीला आलेला माणूस, पुठ्ठ्याच्या घरांसाठी.

शनिवारी दंतवैद्याला पूल मोकळा दिसला. तो घुसला. तासाभरात पूलनगर पडले. मेहुणा ताडकन उठला.

"माझं पत्र वाचून हे केलंस?"

"कसलं पत्र?"

"नाटकं करू नकोस. केसाने गळा कापलास आणि वर तोंड करून विचारतोस, कसलं पत्र?" मग तो माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुम्हीच सांगा. पत्र पोचवलं होतं ना?"

हरवले म्हणालो असतो तर फासा कोणासमोर टाकला हे विचारले गेले असते. मी म्हणालो, "पोचवलं."

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्याकडे तो एकट्या पंचाच्या मुखी होता. दंतवैद्य माझ्याकडे वळला. तो भांडला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "पंच म्हणतायत म्हणजे दिलंच असणार. मग मीच विसरलो असेन."

"विसरलास? बरं सोयीचं आहे," मेहुणा म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत आणि मंडळातही आलेले नाहीत.

एवढ्यावर निभावले असते तर मी कदाचित कलम इतके लांबवले नसते. पण दंतवैद्याच्या वडिलांना विस्मरणाचा आजार होता. शेवटची सहा वर्षे ते स्वतःच्या मुलाला "काय काम काढलंत?" असे विचारत. त्याची सुरुवातही बावन्नाव्या वर्षी झाली होती, आणि दंतवैद्य तेव्हा बावन्न वर्षांचा होता. पुढच्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने विचारले, "पंच, पत्र हातात दिलंत तेव्हा मी काय म्हणालो होतो? नीट आठवून सांगा."

त्या क्षणी तरी जीभ झडायला हवी होती. मी सांगितले, "पेशंट बसले होते. तू घाईत होतास. कोटाच्या खिशात टाकलंस."

गोष्टी रचायचा मला सराव होता, त्यामुळे गोष्ट चांगली जमली. त्याने सगळ्या पांढऱ्या कोटांचे खिसे उलटे करून पाहिले, हे मला नंतर कळले. मग तो दिवसभराचे सगळे वहीत टिपू लागला. कुठला दात काढायचा हे पेशंटला तीन-तीनदा विचारू लागला. तपासण्यांत काही निघाले नाही, पण तपासणीपेक्षा त्याचा माझ्यावर विश्वास अधिक होता. आठ महिन्यांनी त्याने दवाखाना बंद केला. म्हणाला, "उद्या चुकीचा दात काढला तर कोणाला तोंड दाखवू?" दवाखाना बंद झाला त्या दिवशी मी खुर्च्या उचलायला गेलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, आणि तरी मी खुर्च्या उचलून घरी आलो.

त्याला कसलाही आजार नव्हता आणि आजही नाही. तो त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि जुन्या मंडळातल्या सगळ्यांचे वाढदिवस त्याला पाठ आहेत. त्याची अकरा वर्षे मी खाल्ली.

मी का बोललो नाही? पहिली दोन वर्षे भीतीने. नंतर, इतके दिवस का बोललो नाही हे सांगावे लागेल म्हणून. पत्नी हयात असेपर्यंत तिच्या भावासमोर तोंड कसे उघडू, ही सबब होती. ती जाऊन चार वर्षे झाली आणि सबब तिच्याबरोबर गेली, तरी मी गप्पच. हा मजकूर कन्या टाइप करते आहे. इथपर्यंत येऊन ती थांबली. मी विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा. पण आई होती तेव्हा सांगायचं होतंत. तिने मामाची समजूत काढण्यात किती वर्षं घालवली." मग तिने उठून चहा केला, आणि एकटीनेच प्यायला. बरोबरच केले.

६. वही क्रमांक एकोणीसमध्ये त्या वर्षाला मी 'वचनभंगाचे वर्ष' असे नाव दिले आहे. सुंदर अक्षरात, लाल शाईने. नवे खेळाडू, ज्यांनी दंतवैद्याला कधी पाहिलेलेही नाही, कोणी शब्द फिरवला की म्हणतात, "हा वरखोऱ्याचा शब्द दिसतोय." हसतात. मी टेबलाशी उभा राहून ते ऐकत आलो आहे. शिंप्याला अट अशी की ते पान फाडायचे नाही. त्यावर मी स्वतःच्या हाताने काट मारून खाली खरे काय ते लिहिले आहे. मोहिमेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते आधी वाचून दाखवावे, नकाशा त्यानंतर. आणि ती म्हण बंद व्हावी. माझ्यावरून नवी म्हण केली तर हरकत नाही.

७. दवाखाना बंद करताना दंतवैद्याने आपली बारीक कोरायची अकरा हत्यारे मला दिली. "सैनिकांचे चेहरे कोरायला होतील," असे म्हणाला होता. मी ती एकदाही वापरू शकलो नाही. ती ज्याची आहेत त्याच्याकडे आजच परत जात आहेत, म्हणून त्यांना मालमत्तेत धरू नये.

८. दंतवैद्य आणि मेहुणा यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार म्हणून हे दोघेच हवे आहेत. मी दोघांनाही फोन केला आणि दोघांनाही स्पष्ट सांगितले की दुसराही येणार आहे. मेहुणा म्हणाला, "तो असेल तर मी दारातूनच सही करीन, भाऊजी." दंतवैद्याने तारीख आणि वेळ दोनदा विचारली आणि लिहून घेतली.

साक्षीदाराला आतला मजकूर कळायची गरज नसते, असेही वकीलबाई म्हणाल्या. "काका, नुसती सही घ्या. कशाला उगाच?" पण सहीच्या आधी मी हे सगळे मोठ्याने वाचणार आहे. ऐकून दोघांपैकी कोणी सही न करता उठून गेला तर हे मृत्युपत्र कायद्याने रद्दी ठरेल. ते मला मान्य आहे. मी तिसरा साक्षीदार बोलावून ठेवलेला नाही. माफी मागतो, पण ती द्यावी अशी अट घालत नाही. अटी घालून माणसे खेळवायची मला फार सवय होती.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. अंमलबजावणी कन्येने करावी. वरील मजकूर मी दोघांसमोर पहिल्या ओळीपासून वाचला, काहीही गाळले नाही, आणि नंतर सही केली.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: तीन फेब्रुवारी, शनिवार, दुपारी सव्वाचार

(सही) लिहून ठेवणार, पंच

साक्षीदार क्रमांक एक, दंतवैद्य, स्वतःच्या अक्षरात:
पूर्ण ऐकलं. यांनी माझ्यासमोर सही केली. मी विसरलो नव्हतो.
(सही)

साक्षीदार क्रमांक दोन, मेहुणा, स्वतःच्या अक्षरात:
यांनी माझ्यासमोर सही केली. खोलीत बसून ऐकलं. तो विसरला नव्हता.
(सही)